जवळून हल्ला झाल्यास हाती काय असावे?

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या एका औषधाच्या दुकानात काम करते. रात्री साडेदहाला दुकान बंद झाल्यावर पाथर्डी फाट्यावर रिक्षातून उतरून दहा मिनिटे अंधाऱ्या गल्लीतून चालत घरी जावे लागते. गेल्या महिन्यात दोघांनी माझा पाठलाग केला, तेव्हापासून भावाने खटक्याचा चाकू पर्समध्ये ठेवायला दिला आहे. मैत्रीण मात्र मिरचीचा स्प्रे घे म्हणते. कोणी अगदी अंगावर आले तर यांपैकी काय उपयोगी पडेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चाकू भावाला परत करावा, हे आधीच स्पष्ट सांगतो. तो वापरायचा तर हल्लेखोराच्या हाताच्या टप्प्यात जावे लागते, आणि आपल्याला तर नेमके त्याच टप्प्यातून सुटायचे असते. शिवाय सराव नसलेल्या हाताची पकड घामाने सैल होऊन बोटे पात्यावर घसरतात, आणि बळकट माणसाने मनगट धरले की तेच पाते आपल्याकडे वळते. पाते 9 इंचांहून लहान असल्याने परवाना लागत नाही, असे भाऊ म्हणेल. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली शहरात मनाई आदेश लागू असताना चाकूच काय, लाठी बाळगणेही गुन्हा ठरू शकते.

मैत्रिणीचा सल्ला योग्य आहे. मिरचीच्या स्प्रेला परवाना लागत नाही, तो दोन-तीन मीटरवरून वापरता येतो आणि त्याने डोळे आपोआप मिटतात. मोकळ्या गल्लीसाठी धुक्यासारखा पसरणारा नव्हे, तर सरळ धार सोडणारा स्प्रे घ्यावा, कारण वारा समोरून असेल तर पसरणारा फवारा आपल्याच तोंडावर येतो. डब्यावरील मुदत पाहावी, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तो गाडीच्या डिकीत ठेवू नये. वाऱ्याकडे पाठ करून मोकळ्या जागी एकदा क्षणभर मारून पाहावा.

पण तो पर्सच्या तळाशी असेल तर त्याचा काहीही उपयोग नाही. धावत येणारा माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, हे अमेरिकेतील पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये मांडले. म्हणून रिक्षातून उतरतानाच स्प्रे मुठीत, अंगठा खटक्यावर असावा. पावसाळ्यात लांब दांड्याची छत्रीही चांगली. ती फिरवून मारू नये, कारण जवळ आलेला माणूस ती सहज धरतो, तर दोन्ही हातांनी धरून टोकाने सरळ ढोसावे आणि लगेच उजेडाकडे पळावे. तो कोसळल्यावर मारत राहू नये, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम 35 ने दिलेला स्वसंरक्षणाचा हक्क कलम 37 ने गरजेपुरताच ठेवला आहे.

आपल्या पत्रात त्या पाठलागाची तक्रार केल्याचा उल्लेख नाही, याची मला अधिक काळजी वाटते. वेळ, जागा आणि त्या दोघांचे वर्णन लिहून ती आजच जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी, पुन्हा कोणी मागे लागल्यास 112 वर फोन करावा, आणि तोवर थोडे भाडे जास्त पडले तरी रिक्षा दारापर्यंत न्यावी.