शिरगणतीत न दिसणारी गोष्ट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

एका प्रजातीच्या अनेक प्राण्यांचे जीनोम (म्हणजे प्रत्येकाचा संपूर्ण डीएनए) वाचून ते एकमेकांशी ताडून पाहिले, तर तिचं भूत-भविष्य किती उलगडतं, याविषयी वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातले सहा प्रश्न इथे घेत आहे.

प्रश्न : प्राण्यांची संख्या वाढतेय की घटतेय, हे कॅमेऱ्यांवरून कळतंच. मग डीएनए कशाला तपासायचा?

कॅमेरा डोकी मोजतो. पण शंभरातल्या दहाच प्राण्यांना पिल्लं होत असतील, तर पुढच्या पिढीच्या हिशेबात ती संख्या दहाच्या आसपासचीच धरावी लागते. याला प्रभावी संख्या म्हणतात, आणि ती बहुधा प्रत्यक्ष मोजणीपेक्षा बरीच कमी भरते.

जीनोममध्ये आणखीही काही दिसतं. गुणसूत्रांची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. आईबाप नात्यातले असले, की या दोन प्रतींमधले लांबच लांब पट्टे अक्षरन् अक्षर सारखे निघतात. दर पिढीत गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि हे पट्टे तुटत जातात. त्यामुळे पट्टा जितका लांब, तितका आईबापांचा सामाईक पूर्वज अलीकडचा. कुणीही वंशावळ लिहून ठेवलेली नसताना एका प्राण्याच्या रक्ताच्या थेंबातून त्याच्या आजी-पणजीच्या काळची अवस्था वाचता येते. या शास्त्रातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

प्रश्न : ओडिशातल्या सिमिलीपालच्या काळ्या वाघांचे फोटो पाहिले. गर्द जंगलात लपता यावं म्हणून त्यांचा रंग बदलला का?

शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवून दिलं, की या वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात ते टॅकपेप नावाच्या जनुकातल्या एका बदलामुळे. हा बदल आईबाप दोघांकडून आला तरच रंग दिसतो. इतर ठिकाणच्या रानवाघांत तो सापडला नाही. सिमिलीपालमध्ये मात्र त्या अभ्यासात जवळपास ३७ टक्के वाघ असे आढळले. इथली संख्या मोजक्या वाघांपासून वाढली आणि बाहेरून येणं-जाणं जवळजवळ थांबलं, तेव्हा एक दुर्मीळ बदल निव्वळ योगायोगाने पसरला, असं दिसतं. इतका देखणा प्राणी पाहून आनंद होतोच. मला मात्र त्या रंगात आधी जंगलांना जोडणारे, आता तुटलेले भ्रमणमार्ग दिसतात.

प्रश्न : जनुकीय वैविध्य फार कमी असेल, तर ती प्रजाती संपल्यातच जमा ना?

नाही. हा गैरसमज इतका घातक आहे, की इथे थोडं थांबायला हवं.

मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात वाकिटा नावाचा छोटा सागरी सस्तन प्राणी राहतो. २०२२ मध्ये त्याच्या जीनोमचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा जेमतेम दहा उरले होते. वैविध्य अत्यंत कमी. पण हा प्राणी सुमारे अडीच लाख वर्षं लहान संख्येतच जगत आला आहे. लहान गटात अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातच प्रजनन, होत राहतं, दडलेली घातक उत्परिवर्तनं (जनुकांत झालेले बदल) वारंवार उघडी पडतात आणि ती बाळगणारे मरत गेल्याने हळूहळू गाळली जातात. वाकिटाच्या बाबतीत ही गाळणी आधीच झालेली आहे. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून होणारे मृत्यू पूर्ण थांबले, तर नामशेष होण्याची शक्यता अवघी ६ टक्के, असं त्या संशोधकांचं गणित सांगतं. वाकिटा मरतोय तो जाळ्यांमुळे. ‘आता जनुकंच उरली नाहीत’ म्हणून हात झटकायला तिथे जागाच नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवरातल्या आइल रॉयल बेटाचं. तिथले लांडगे मुख्य भूमीवरून गोठलेल्या पाण्यावरून चालत आले, म्हणजे मोठ्या संख्येतून. मोठ्या संख्येत वैविध्य भरपूर असतं, पण घातक उत्परिवर्तनंही एकेका प्रतीत निवांत लपून राहतात. बेटावर नात्यात प्रजनन सुरू झालं आणि ती जोडीजोडीने वर आली. मणक्यांत व्यंगं दिसू लागली. २०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले होते, बाप आणि त्याची मुलगी.

म्हणून वैविध्याच्या एका आकड्यावर निकाल देऊ नये. त्यातली उत्परिवर्तनं कोणत्या प्रकारची आहेत आणि संख्या घटली ती हजारो वर्षांत की दोन पिढ्यांत, हे पाहावंच लागतं.

प्रश्न : मग बाहेरचे प्राणी आणून सोडले तर मूळ वंशाची शुद्धता बिघडणार नाही का?

‘शुद्धता’ हा शब्द इथे मला खटकतो. अनेकदा तो वेगळेपणा आपणच जंगलं तोडून निर्माण केलेला असतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडातले प्यूमा (मांजरकुळातला एक मोठा प्राणी) वीस-तीसवर आले होते. शेपट्यांना पीळ, हृदयात दोष, वृषणं न उतरणं असे प्रकार वाढले होते. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणल्या. हे दोन्ही गट पूर्वी सलग प्रदेशात एकमेकांत मिसळत होतेच. पुढे संख्या तिपटीच्या आसपास गेली आणि ही व्यंगं कमी झाली.

मात्र एकदा आणून सोडले की काम संपलं, असं नसतं. आइल रॉयलवर १९९७ मध्ये एक दमदार नर बर्फावरून आपणहून आला. त्याला इतकी पिल्लं झाली, की काही पिढ्यांत सगळे लांडगे त्याच्याच वंशातले झाले आणि पुन्हा अंतःप्रजनन. शिवाय प्राणी आपला बेत पाळत नाहीत. २०२४ मध्ये ताडोबातून सिमिलीपालला नेलेल्या दोन वाघिणींपैकी झीनत झारखंड, पश्चिम बंगालपर्यंत भटकली. तिला पकडून परत आणावं लागलं. माझं मत विचाराल तर आधी भ्रमणमार्ग, ते शक्यच नसेल तेव्हा पिंजरा.

प्रश्न : उत्क्रांती आपल्या हयातीत घडताना दिसू शकते का?

दिसते, आणि कधीकधी तिला आपणच ढकललेलं असतं. मोझांबिकच्या यादवी युद्धात (१९७७ ते १९९२) तिथल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातले ९० टक्क्यांहून अधिक हत्ती मारले गेले. बिनसुळ्यांच्या माद्या शिकाऱ्यांच्या उपयोगाच्या नव्हत्या, म्हणून त्या वाचल्या. युद्धापूर्वी अशा माद्या १८.५ टक्के होत्या, नंतर ५०.९ टक्के. जीनोम तपासल्यावर या बदलाचा माग एक्स गुणसूत्रावर लागला. मादीला दुसऱ्या एक्सचा आधार असतो. हा बदल मिळालेला नर मात्र बहुधा जन्मतच नाही. आईला बंदुकीपासून वाचवणारं जनुक तिच्या निम्म्या मुलग्यांचा जीव घेतं. हे वाचल्यापासून हस्तिदंताची एखादी वस्तू माझ्याच्याने पाहवत नाही.

प्रश्न : प्राण्याला बेशुद्ध न करता नमुना मिळतो का?

मिळतो. विष्ठेच्या बाहेरच्या थरावर आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. तो थर हलकेच पुसून घेऊन अल्कोहोलमध्ये ठेवायचा. केस, गळलेली पिसंही चालतात. ऊन-पावसाने डीएनए तुटतो, म्हणून विष्ठा ताजी हवी. त्यात भक्ष्याचा आणि जिवाणूंचा डीएनएही मिसळलेला असतो. ओळख आणि नातं ठरवायला एवढं पुरतं. पूर्ण जीनोम नीट वाचायचा तर रक्त किंवा ऊतीचा तुकडा केव्हाही बरा. संग्रहालयांतली जुनी कातडीही फेकू देऊ नका; शंभर वर्षांपूर्वी वैविध्य किती होतं, हे तीच सांगतात.