आधी नदी निवडा, मग स्थळं: रेडिंगहून थेम्सकाठी पायी

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये तीन आठवडे मुलीकडे रेडिंगला येताय, तुम्ही आणि काका दोघंही साठी ओलांडलेले, महिन्यातून एकदा सिंहगड चढता. गाडी चालवायची नाही. लंडन दोन दिवसांत उरकून उरलेल्या वेळात जुन्या वास्तू आणि नदीकाठच्या पायवाटा बघायच्यात. तुम्ही जोडलेल्या यादीत एकवीस नावं आहेत. मी सतरा वर्षं रेडिंगमध्ये राहते आणि थेम्सच्या काठानं बहुतेक सगळ्या ऋतूंत चालले आहे. त्या अनुभवावरून सांगते, ती यादी तूर्त बाजूला ठेवा. स्थळं निवडून मग तिथे कसं पोचायचं हे शोधू नका. आधी नदी धरा. इथले मठ, पूल, बाजारपेठा जिथे आहेत तिथे का आहेत, हे गाडीतून उतरून फोटो काढताना कळत नाही. दोन तास काठानं चालत तिथे पोचलात की आपसूक कळतं.

थेम्स पाथ ही राष्ट्रीय पायवाट १९९६ साली खुली झाली. उगमाजवळच्या केम्बलपासून लंडनच्या पूर्वेला थेम्स बॅरियरपर्यंत तिची लांबी १८४ मैल, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. बराचसा भाग म्हणजे पूर्वी घोडे ज्या काठावरून चालत मालाच्या होड्या ओढायचे तीच वाट, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीतच. खांबांवर ओकच्या फळाची खूण दिसते. ती दिसत राहिली की वाट बरोबर आहे.

पहिल्या दिवशी जेट लॅग असेल, ट्रेनच्या फंदात पडू नका. रेडिंगमध्येच पहिल्या हेन्री राजानं ११२१ साली बांधायला घेतलेल्या मठाचे अवशेष आहेत, प्रवेश मोफत. घडीव दगड लोकांनी केव्हाच काढून नेले. उरल्यात त्या गारगोट्यांच्या ओबडधोबड उंच भिंती. हेन्रीला याच मठात पुरलं. आता मठाच्या शेजारून केनेट नदी धरा आणि ती थेम्सला मिळते तिथवर जा. दोन नद्यांच्या मधली उंचवट्याची जागा राजानं का निवडली, ते तिथे उभं राहिल्यावर दिसतं. पुढे थेम्सच्या काठानं सॉनिंग गावापर्यंत सपाट वाट आहे. सगळं मिळून दीड-दोन तासांचं चालणं. सॉनिंगच्या लॉकपाशी बाकावर बसा आणि एखादी होडी येईपर्यंत थांबा. दोन दरवाजांमधल्या हौदात पाणी भरून किंवा सोडून होडी वर-खाली कशी नेतात, ते एकदा निवांत बघण्यासारखं आहे.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते रनीमीड. तुमच्या यादीत त्याच्यापुढे 'वेळ उरल्यास' लिहिलंय. कृपा करून ते खोडा आणि तिथे अख्खा दिवस द्या. रेडिंगहून लंडनच्या वॉटरलू स्टेशनकडे जाणाऱ्या ट्रेननं एगमला उतरायचं. तिथून पंचवीसेक मिनिटांत नदीकाठच्या सपाट कुरणावर पोचता. १५ जून १२१५ रोजी जॉन राजानं याच परिसरात मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, मान्य केली. राजा विंडसरला होता, बंडखोर सरदार स्टेन्सला. मधलं हे दलदलीचं कुरण दोन्ही बाजूंना मान्य होणारं होतं. किल्ला नाही, तटबंदी नाही, नुसतं गवत. पहिल्यांदा येणारे बरेच जण विचारतात, इथे बघायचं काय? म्हणून क्रम सांगते.

गवतात काशाच्या बारा खुर्च्या मांडलेल्या दिसतील. ह्यू लॉक या शिल्पकाराचं हे काम २०१५ साली, सनदेला आठशे वर्षं झाली तेव्हा बसवलं. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर न्याय आणि हक्कांच्या लढ्यातलं काहीतरी कोरलंय. त्यात कॉर्नेलिया सोराबजी शोधा. जन्म नाशिकचा, १८६६ चा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पुढे १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. कुणीही आधी कल्पना दिलेली नसताना मी त्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिले होते आणि बराच वेळ तिथून हलले नाही. खुर्च्या बसण्यासाठीच आहेत, खुशाल बसा. जवळच अमेरिकन वकिलांच्या संघटनेनं १९५७ साली उभारलेलं स्मारक आहे आणि त्याच्यालगत एक ओक. तो १९९४ साली पंतप्रधान नरसिंह राव यांनी लावला. खालची पाटी नक्की वाचा, तिच्यात स्वातंत्र्य, लोकशाही आणि कायद्याचं राज्य यांचा उल्लेख आहे.

मग झाडीतून कूपर्स हिल चढा. चढ खडा आहे पण छोटा, सिंहगड चढणाऱ्यांना काहीच नाही. या टेकडीवर एकेकाळी रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज होतं. १८७० च्या दशकात सुरू झालं, १९०६ मध्ये बंद पडलं. हिंदुस्थानातल्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी अभियंते इथे तयार व्हायचे. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झाले असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा त्यांना ही टेकडी दाखवाच. माथ्यावर १९५३ सालचं हवाईदल स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या आणि ज्यांची कबरही सापडली नाही अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावं भिंतींवर आहेत. त्यात नूर इनायत खान हेही नाव आहे, ब्रिटिशांची गुप्तहेर, टिपू सुलतानाच्या वंशातली, डाखाऊच्या छळछावणीत मारली गेलेली. आत गेल्यावर कुणी मोठ्यानं बोलत नाही. गच्चीवरून खाली कुरण, नदी आणि दूरवर विंडसरचा किल्ला एका नजरेत येतो आणि सरदार-राजा यांच्या मधल्या जागेचा हिशेब लक्षात येतो.

पायांत बळ असेल तर खाली उतरून काठानंच विंडसर गाठा, नऊ-दहा किलोमीटर. तिथून स्लाउला गाडी बदलून रेडिंग. नकाशावर पलीकडच्या तीरावर अँकरविकचा प्राचीन यू वृक्ष अगदी जवळ दिसेल. मोहात पडू नका, मध्ये पूल नाही; त्याच्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो.

दुसरा मोठा दिवस डॉर्चेस्टरला द्या. समुद्राकाठच्या परगण्यातलं नव्हे, ऑक्सफर्डजवळचं डॉर्चेस्टर-ऑन-थेम्स. इथे थेम नदी थेम्सला मिळते. ६३५ साली बिरिनस या धर्मोपदेशकानं वेसेक्स या तेव्हाच्या राज्याच्या राजाला इथेच बाप्तिस्मा दिला. मठाचं चर्च आजही उभं आहे, कारण आठव्या हेन्रीनं मठ मोडीत काढले तेव्हा गावातल्याच एका गृहस्थानं त्याचा भाग १४० पौंडांना विकत घेऊन गावाला दिला. आत एका खिडकीची दगडी चौकटच झाडासारखी घडवली आहे आणि फांद्यांवर येशूचे पूर्वज कोरलेत. शेजारी तलवार उपसण्याच्या बेतात असलेल्या एका योद्ध्याची तेराव्या शतकातली मूर्ती आहे. आडवा पडलेला असूनही त्याच्या अंगात इतकी हालचाल आहे की दोनदा वळून बघावंसं वाटतं. बाहेर पडून डाइक हिल्सच्या लोहयुगीन बांधांवरून डेज लॉक ओलांडा आणि समोरच्या विटनम क्लम्प्स या जोडटेकड्या चढा. एकीवर लोहयुगातला किल्ला होता, त्याचा खंदक अजून स्पष्ट दिसतो. सगळा फेरा तीन तासांचा. रेल्वे नाही, बसनं जावं लागतं, रविवारी शक्यतो टाळा.

गोरिंग ते पँगबर्न हा साडेसहा किलोमीटरचा टप्पा अर्ध्या दिवसाचा. दोन्हीकडे स्टेशन आहे, म्हणून परतीची चिंता नाही. नदीनं खडूच्या डोंगरातून काढलेली वाट आणि रिजवे हा प्रागैतिहासिक मार्ग गोरिंगला भेटतात. पँगबर्नहून टॅक्सीनं बॅसिल्डन पार्कला जाऊन या. फ्रान्सिस साइक्सनं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये कमावलेल्या पैशांवर १७७६ पासून बांधलेला हा वाडा आहे. तो बघून मन प्रसन्न होईलच असं नाही, पण मुर्शिदाबादचा पैसा कुठे गेला ते डोळ्यांनी बघावं असं मला वाटतं.

चालण्याबद्दल थोडं. शेतातून, गुरांच्या कुरणातून जाणारी सार्वजनिक पायवाट हा इथे कायदेशीर हक्क आहे, संकोच करू नका. फाटक मात्र उघडलंत तसं लावा. वासरं असलेल्या गायींना लांबून वळसा घाला. पहिल्या हिवाळ्यात मी पुराचं पाणी पसरलेल्या कुरणात गुडघाभर भिजून परत फिरले होते. जूनमध्ये ती भीती फार नसते, तरी जोराचा पाऊस झाला तर लॉकवरचा फलक बघा. लाल असेल तर प्रवाह जोरात आहे, काठाच्या फार जवळून जाऊ नका. काठावर नेटल या अंगाला झोंबणाऱ्या वनस्पतीचं रान असतं, म्हणून विजार पायभर हवी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा, १७१ क्रमांकाचा, गोरिंगसाठी घ्या; फोनला सगळीकडे रेंज नसते. साठीच्या पुढच्यांना सीनिअर रेलकार्डवर तिकिटात एक तृतीयांश सवलत मिळते, पासपोर्ट घेऊन स्टेशनच्या खिडकीवर जा. सकाळी साडेनऊनंतरच्या गाड्या स्वस्त. बऱ्याच पबची स्वयंपाकघरं दुपारी अडीचला बंद होतात, तेव्हा डब्यात पोळी-भाजी असू द्या. अंधार साडेनऊपर्यंत पडत नाही, घाई करायचं कारण नाही.

आणखी एक जागा मुलीच्या गाडीतून, एखाद्या शनिवारी: स्टोक रो गावातली विहीर. बनारसच्या महाराजांनी आपले स्नेही एडवर्ड रीड यांच्या गावाकडच्या लोकांसाठी ती खोदून दिली. रीड यांनी त्यांना सांगितलं होतं की तिकडे पाण्याचं इतकं दुर्भिक्ष आहे की घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून एका मुलाला मार बसला. ३६८ फूट, सगळी हातानं खोदलेली, १८६४ साली खुली झाली. वर घुमट, आत सोनेरी हत्ती. राखणदाराच्या खर्चासाठी शेजारी चेरीची बाग लावली होती, तिचं नाव इश्री बाग. पाणी सगळ्यांना फुकट होतं.

तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा. डॉर्चेस्टरच्या बसचं त्या आठवड्याचं वेळापत्रक बघून सांगते, आणि रनीमीडला यायला मला नक्की आवडेल.