हौशी सायकलस्वाराने रेसमध्ये उतरायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय: वय ३६, जालन्यात राहतो, दोन वर्षांपासून दर रविवारी एकट्याने ३०-४० किलोमीटर हायब्रिड सायकल चालवतो, आता एखाद्या रेसमध्ये उतरावंसं वाटतंय, तर आधी लाखभराची रोडबाईक घ्यावी का?

सायकल नंतर घ्या. आधी सोबती शोधा.

मी संभाजीनगरचा. मीही एकट्यानेच चालवायचो. पैठण रोडला ताशी २८ चा वेग तासभर टिकायला लागला, तेव्हा तयारी झाली असं वाटून पहिल्या रेसला नाव दिलं. सहाव्या किलोमीटरलाच घोळका पुढे निघून गेला. पाय दमले नव्हते. पुढच्याच्या चाकाजवळ जायची भीती वाटत होती, म्हणून मी दोन सायकली मावतील एवढं अंतर ठेवून चालवत होतो, आणि सगळा वारा छातीवर घेत होतो.

सपाट रस्त्यावर वेग पंचविशीच्या पुढे गेला की बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा रोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. पुढच्याच्या अगदी मागे राहिलात तर साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. सायकलवाले याला ‘व्हील पकडणं’ म्हणतात. तुमच्याहून कमी दमाचा माणूस व्हील नीट पकडून शेवटच्या किलोमीटरला तुम्हाला सहज मागे टाकू शकतो. एकट्याने कितीही चालवलं तरी हे अंगी येत नाही.

त्यासाठी फार मोठा ग्रुप लागत नाही, भरवशाचा एक जण पुरे. पहाटे राजूरच्या रस्त्याला निघा (चतुर्थी सोडून, त्या दिवशी पायी जाणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो). आधी एक सायकल मावेल एवढं अंतर ठेवा, काही आठवड्यांनी अर्धं, मग हातभर. नजर त्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा. जवळ जातोय असं वाटलं तर एकदम ब्रेक दाबू नका. पेडल मारणं क्षणभर थांबवा किंवा जरासं बाजूला सरकून वाऱ्यात या, वेग आपोआप कमी होतो. दर दोन-तीन मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन मागे येईल आणि तुम्ही पुढे व्हाल. पुढे आल्यावर वेग वाढवायचा मोह होतो. तो आवरा, आहे तोच वेग धरा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरू देऊ नका. चाकाला चाक घासलं की पडतो तो मागचाच, पुढच्याला नुसता झटका जाणवतो. हंगामात ट्रॉलीतून पडलेलं उसाचं कांडं चुकवायला माझा मित्र हातभर डावीकडे वळला आणि मी तिथेच होतो. तळहाताच्या कातडीत डांबराची बारीक खडी रुतली होती, दवाखान्यात चिमट्याने एकेक काढली. तेव्हापासून हातमोजे घातल्याशिवाय मी निघत नाही. चूक माझी होती, तरी पुढच्यानेही खड्डा, खडी, कुत्रं, रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन हाताने दाखवत आणि ओरडून सांगत जायचं असतं. मागच्याला तुमच्या पाठीशिवाय काही दिसत नसतं.

सरावाचं म्हणाल तर आठवड्यात तीन-चार दिवस पुरेत. त्यातले बहुतेक, बोलता बोलता चालवता येईल अशा वेगाने. एकच दिवस जोराचा ठेवा: ३ मिनिटं दम लागेपर्यंत, ३ मिनिटं हलकं, असं पाच वेळा. रेसमध्ये वेग एकसारखा नसतो. कोणीतरी अचानक सुटतं, मग सगळे त्याच्यामागे सुटतात, आणि त्या दोन-तीन मिनिटांत टिकलं तरच पुढे घोळक्यात बसायला मिळतं. पावसाळ्यात बदनापूरकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो. जोराच्या दिवसासाठी तो उत्तम, आणि घरी परतताना तोच पाठीशी असतो. ट्रक फार असतात, म्हणून उजाडताच निघून लवकर परता. समृद्धीवर सायकलला परवानगी नाही, तो विचारही नको. चढासाठी कधीतरी इकडे या, दौलताबादहून खुलताबादला चढा. घाटात वेग कमी, त्यामुळे व्हीलचा फायदाही कमी. तिथे वजन आणि दम हेच बोलतात.

पहिली रेस निवडताना हायब्रिड किंवा एमटीबीचा (माउंटन बाइकचा) वेगळा गट आहे का ते बघा. बऱ्याच स्थानिक रेसमध्ये असतो, म्हणजे आहे त्या सायकलवर उतरता येतं. घोळक्याची भीती गेली नसेल तर वैयक्तिक टाइम ट्रायल बरी. एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात आणि दुसऱ्याच्या मागे बसायला तिथे मनाई असते. बीआरएमला (ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पूर्ण करायची राइड) लोक रेस समजतात, पण ती रेस नव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, पहिला-दुसरा असे नंबर काढत नाहीत. दमासाठी जरूर करा.

पैसे खर्च करायचेच असतील तर हेल्मेट, दोन चांगले टायर आणि सीटची उंची नीट लावून देणारा जाणकार, एवढ्यावर करा. आपल्याकडे बाभळीचा काटा कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून ट्यूब बदलायला घरी बसून शिका.

एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत घरी या. एरवीही तासाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी, त्यात चिमूटभर मीठ, साखर, लिंबू. दीड तासाच्या वर चालवायचं असेल तर दर अर्ध्या तासाला केळं किंवा खजूर, भूक लागायच्या आधीच. भूक लागल्यावर खाल्लेलं पायांपर्यंत वेळेत पोचत नाही.

आणि पहिल्या रेसमध्ये घोळका सुटला तर एकट्याने त्याचा पाठलाग करू नका. मागे बघा, तुमच्यासारखे सुटलेले दोघे-चौघे येतच असतात. त्यांना येऊ द्या आणि पाळीपाळीने पुढे व्हा. माझ्या पहिल्या रेसमध्ये बीडचा एक शिक्षक आणि परभणीचा एक पोरगा असे मागून आले. शिक्षक नुसतं म्हणाले, “या, मागे बसा.” त्या दिवशी पहिल्यांदा मी कोणाच्या चाकामागे हातभर अंतरावर बसलो, आणि उरलेले ३० किलोमीटर आम्ही तिघांनी वारा वाटून घेतला.