चान्सलर म्हणजे कुलपती? ह्युबर्ट वॉल्टरच्या निमित्ताने

प्रश्न असा: एका अनुवादात कँटरबरीचा आर्चबिशप ह्युबर्ट वॉल्टर हा 1193 मध्ये इंग्लंडचा सरन्यायाधीश आणि 1199 मध्ये कुलपती झाला असं लिहिलंय. हे शब्द चालतील का?

आर्चबिशप तेवढा चालेल. बाकी दोन्ही चुकले आहेत, त्यात 'कुलपती' जास्त.

मूळ पद चान्सलर. लॅटिनमध्ये 'कँसेली' म्हणजे जाळी, कठडा. त्या जाळीपाशी बसणारा कारकून तो 'कँसेलारियस'. पुढे राजाचा पत्रव्यवहार आणि राजमुद्रा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला हे नाव मिळालं. विद्यापीठांनी तोच शब्द नंतर उचलला आणि आपण त्याला 'कुलपती' केलं. ऑक्सफर्डला चान्सलर मिळाला तो 1214 च्या सुमारास. ह्युबर्ट 1205 मध्येच वारला होता. त्यामुळे 'कुलपती' वाचून कुणाला विद्यापीठ आठवलं, तर तो दोष वाचकाचा नाही.

ह्युबर्टच्या चान्सलरीत काम काय चाले ते पाहिलं की शब्द आपोआप सुचतो. राजाच्या नावे सनद किंवा पत्र चर्मपत्रावर लिहायचं, मेणात दुहेरी ठसा उमटवून मुद्रा लावायची. पत्रांचे दोन मुख्य प्रकार. एक घडी घालून मुद्रेनं बंद केलेलं, ज्याच्या नावे असेल त्यानंच फोडायचं. दुसरं उघडं, खाली मुद्रा लोंबती, कुणालाही दाखवता यावं असं. लॅटिनमध्ये 'पेटन्स' म्हणजे उघडा. आपलं 'पेटंट' या दुसऱ्या प्रकारातून आलं. ह्युबर्टच्या काळापासून बाहेर जाणाऱ्या सनदा-पत्रांच्या नकला पद्धतशीर ठेवलेल्या दिसतात: चर्मपत्राचे तुकडे एकाखाली एक शिवून त्यांची गुंडाळी करायची. सनदांच्या गुंडाळ्या 1199 पासूनच्या आहेत. सनद हरवली किंवा कुणी बनावट आणली, तर पडताळा घ्यायला दप्तरी नक्कल हजर.

आपल्याकडे याच्या जवळचं पद अष्टप्रधानातल्या सचिवाचं, म्हणजे सुरनिसाचं. राजपत्रं तपासून शुद्ध करणं आणि त्यांवर चिन्ह करणं हे त्याचं काम. पण आजचा 'सचिव' मंत्रालयात बसतो, म्हणून तो शब्द इथे पुन्हा घोळ करील. माझ्या मते 'चान्सलर' तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात 'राजमुद्रा व दप्तर सांभाळणारा प्रधान' एवढी फोड द्यावी.

1193 चं पद जस्टिशियर. त्याच्या हाताखाली न्यायालय होतं खरं, पण खजिना आणि राजा परदेशी असताना अख्खा कारभारही होता. पहिला रिचर्ड दहा वर्षांच्या राज्यात इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने राहिला. परदेशात कैदेत पडलेल्या या रिचर्डच्या सुटकेच्या खंडणीचा पैसा गोळा करणं ह्युबर्टच्याच काळात चाललं होतं. सरन्यायाधीश हे करत नाही. राजारामांनी जिंजीला निर्माण केलेलं 'प्रतिनिधी' पद अर्थानं जवळ येतं. 'राजप्रतिनिधी' लिहिलं तर मी हरकत घेणार नाही. 1198 मध्ये ह्युबर्टनं जस्टिशियरचं पद सोडलं.

याच मजकुरात पुढे 'फीट ऑफ फाइन्स' येईल, तिथे सांभाळा. 'दंडाचे पाय' असं भाषांतर कुणी करू नये. हा 'फाइन' लॅटिन 'फिनिस'चा, म्हणजे शेवट: जमिनीच्या वादाचा शेवट करणारा तडजोडनामा. एकाच चर्मपत्रावर मजकूर तीनदा लिहायचा, दोनदा वर शेजारी-शेजारी आणि एकदा खाली आडवा. मधल्या जागेत 'किरोग्राफुम' अशी अक्षरं काढून त्यांच्यातूनच नागमोडी कापायचं. वरचे दोन तुकडे दोन पक्षांना, खालचा 'पाय' खजिन्यात. तंटा झाला की तुकडे जुळवायचे. कापलेली अक्षरं जुळली नाहीत तर कागद खोटा. खजिन्यासाठी हा तिसरा तुकडा काढण्याची रीत जुलै 1195 पासूनची, ह्युबर्ट जस्टिशियर असतानाची. मराठीत 'तडजोडनाम्याची सरकारी प्रत' पुरे.

'कॉरोनर' मात्र खुशाल तसाच ठेवा. 1194 मध्ये, ह्युबर्टच्याच कारभारात, प्रत्येक परगण्यात तीन सरदार आणि एक कारकून नेमायचा हुकूम निघाला. राजाच्या अखत्यारीतल्या खटल्यांची नोंद त्यांनी ठेवायची. 'कोरोना' म्हणजे राजमुकुट, त्यावरून हे नाव. मुंबईत संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारं या नावाचं पद विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होतं, तेव्हा मराठी वाचकाला ते नवं नाही.