तांब्याची मागणी एवढी वाढतेय, मग कंपन्या पटापट नवीन खाणी का काढत नाहीत?

मी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, बावीस वर्षं झाली, त्यामुळे तांब्याचा भाव हा माझा रोजचा विषय. तुम्ही म्हणताय की इव्ही, सोलरमुळे मागणी तर समोर दिसतेय, मग खाणी का काढत नाहीत. तांबं संपलेलं नाहीये हो, पण दगडात ते आता फार थोडं थोडं सापडतं.

परवा एक जळलेली पाच एचपीची मोटर आली. छिन्नीने एका बाजूच्या कॉइल छाटायच्या आणि दुसऱ्या बाजूने पकडीने स्लॉटमधून, म्हणजे मोटरच्या लोखंडी गाभ्यातल्या खाचेतून, ओढून काढायच्या, व्हार्निश जळून काळंठिक्कर झालेलं असतं, वास दोन दिवस हाताचा जात नाही. सगळं तांबं काट्यावर टाकलं तर पाच किलोच्या आसपास भरलं. चिलीत मोठ्या खाणींमध्ये आता शंभर किलो दगडातून साधारण सहाशे-सातशे ग्रॅम तांबं निघतं, म्हणजे माझ्या टेबलावरच्या त्या भंगारामागे पाऊण टन तरी दगड फोडून दळलेला आहे, वरची माती-मुरूम हटवली ती वेगळीच.

जगातल्या खाणींमधलं जवळपास पाव तांबं एकट्या चिलीतून येतं. तिथली चुकिकामाता ही खाण शंभरेक वर्षं उघडी खोदत खोदत इतकी खोल गेली की शेवटी 2019 मध्ये जमिनीखाली बोगदे काढून काम सुरू करावं लागलं. एस्कोन्दिदा तर जगातली सगळ्यात मोठी, पण ती वाळवंटात, तीन हजार मीटर उंचीवर, म्हणून समुद्राचं पाणी गोडं करून पाइपलाइनने वर चढवतात. खर्चाचा विचार करा!

नवीन खाण म्हणाल तर साठा सापडल्यापासून माल बाहेर पडेपर्यंत पंधरा वर्षं सहज जातात, आणि लोकांचा विश्वास नसेल तर चालू खाणसुद्धा बंद पडते. पनामातली कोब्रे पनामा 2023 मध्ये आंदोलनं आणि कोर्टाच्या निकालामुळे बंद झाली. आपल्याकडे तमिळनाडूत थूथुकुडीला 2018 मध्ये प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबारात 13 माणसं गेली आणि स्टरलाइटचा वर्षाला 4 लाख टन तांबं शुद्ध करणारा कारखाना बंद झाला, त्यानंतर आपण शुद्ध तांबं बाहेर विकतो त्यापेक्षा जास्त बाहेरून घ्यायला लागलो. त्या लोकांचं म्हणणं आधीच ऐकून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती असं मला मनापासून वाटतं. आपली मोठी खाण म्हणजे मध्य प्रदेशातलं मलाजखंड, गोंदियापासून फार लांब नाही, पण देशाची भूक तेवढ्याने भागत नाही.

गिऱ्हाईक म्हणतं, ॲल्युमिनियम घाला की स्वस्तात. ओव्हरहेड लाइनला ते चालतंच, पण तेवढाच करंट न्यायला वायरच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त लागतं आणि मोटरच्या स्लॉटमध्ये तेवढी जागाच नसते, वर जॉइंट सैल पडतात ते वेगळंच. शेतकऱ्याची मोटर ऐन पाण्याच्या पाळीला परत जळाली तर पीक जातं, म्हणून मी नाहीच घालत.

मग राहतं भंगार. जगात वापरल्या जाणाऱ्या तांब्यातलं जवळपास एक तृतीयांश आजही जुनं वितळवूनच येतं आणि ते वाढवणं खाणीपेक्षा लवकर जमतं. फक्त माल स्वच्छ पाहिजे. ॲल्युमिनियम, सोल्डर मिसळलं की त्यातून थेट वायर ओढता येत नाही, परत शुद्ध करावं लागतं. म्हणून माझ्या दुकानात तांब्याचं पोतं वेगळं असतं आणि पोरांना त्यात दुसरा एक तुकडाही टाकू देत नाही.