नववा महिना लागलाय, आई येऊ शकत नाही. शेवटचे आठवडे कसे काढू आणि घरच्यांची मदत कशी मागू?

तुम्ही लिहिलंय की ३६वा आठवडा संपत आलाय. आई नाशिकला, तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, प्रवास मना आहे. तुम्ही इंदूरला सुदामानगरात सासू-सासऱ्यांबरोबर राहता, नवरा रात्री नऊनंतर घरी येतो. झोप नाही, पाठ धरते, आणि सासूबाई म्हणतात, ‘आम्ही कळा येईपर्यंत पोळ्या लाटत होतो.’

मी इंदूरचीच, सासर रामबागेतलं. माझंही बाळंतपण माहेरी झालं नाही, कारण तिकडे करणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे मनाशी पक्कं करा की तुम्ही थकताय ते नखरे नाहीत. या दिवसांत गर्भाशय बरगड्यांपर्यंत आलेलं असतं. फुफ्फुसांना आणि पोटाला जागा उरत नाही, म्हणून दोन जिने चढलं की दम लागतो आणि चार घास जास्त झाले की छातीत जळजळतं. कंबरेचे सांधे बाळंतपणासाठी सैल होत असतात, म्हणून कूस बदलतानाही कळ येते. यातलं बरंचसं बाळ खाली सरकलं की थोडं हलकं होतं, पण मग लघवीला अजून जास्त उठावं लागतं. हे घरच्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेलं बरं. आता दर आठवड्याला तपासणी असेल, तर एकदा सासूबाईंना बरोबर न्या. ‘जड उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही’ हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरात त्यावर वाद होत नाही.

आता ते पोळ्यांचं वाक्य. माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या. एका दुपारी त्या गवार मोडत बसल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, ‘आई, तुमच्या वेळी घरात कोण कोण होतं?’ त्या सांगत गेल्या. वाड्यात दोन जावा, एक विधवा आत्या, समोरच्या खोलीत एक सुईण. पोळ्या त्या लाटायच्या, पण शेकायला जाऊ असायची. पाण्याची बादली त्यांना आत्यांनी सातव्या महिन्यापासून उचलू दिली नव्हती. रात्री उशाशी कुणीतरी झोपायचंच. बोलता बोलता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तुला तर कुणीच नाही गं इथे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी पोळपाट त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला. तुमच्या सासूबाई अशाच वागतील असं मी म्हणत नाही. पण त्यांना त्यांच्या बाळंतपणाबद्दल विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. त्या पिढीच्या बायका काम करत होत्या हे खरं, पण त्या एकट्या नव्हत्या. सांगताना बहुतेकींकडून ते राहून जातं, मुद्दाम नव्हे.

मदत मागण्याबद्दल माझं मत अगदी ठाम आहे. ‘मला जरा मदत करा’ म्हणून मदत होत नाही आणि ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला आपण कधी सांगत नाही. काम नाव घेऊन, वेळेसकट द्यावं लागतं. ‘बाबा, दूध आणि भाजी उद्यापासून तुम्ही आणाल का, सकाळीच?’ असं विचारलं की सासरे नाही म्हणत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं. गच्चीवर कपडे नेणं, पाण्याच्या बादल्या, गादी उचलून झटकणं ही तीन कामं आजच कुणाच्या तरी नावावर करा. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहून भिंतीवर लावलं तरी चालेल. आणि हे वाटप नवऱ्याने करावं, तुम्ही नव्हे. आपल्या आईशी त्याने बोलायचं. सुनेने सांगितलं की तक्रार वाटते, मुलाने सांगितलं की ती घरातली व्यवस्था होते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण आत्ता सासर सुधारायला तुमच्याकडे वेळ नाही.

परवडत असेल तर दोन महिन्यांसाठी पोळ्यांची बाई लावा. आत्ता लावलीत तर बाळ येईपर्यंत तिला घर कळलेलं असेल. सासूबाई ‘बाईच्या हातचं’ म्हणून नाक मुरडतील कदाचित. त्यांना म्हणा, भाजी-वरण तुमच्याच हातचं हवं, फक्त पोळ्या ती करेल. दिवसभर पडून राहायला मात्र मी सांगत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यावर हळू चाला, मार्चमध्ये ऊन चढायच्या आत.

नवऱ्याच्या रजेचं आत्ताच बघा. केंद्र सरकारी नोकरीत पहिल्या दोन मुलांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा असते. खाजगी कंपनीला तसा कायदा नाही, कंपनीचा नियम असेल तसं. म्हणून साहेबांशी तोंडी बोलून न थांबता त्याने ईमेल टाकावा: ३८व्या आठवड्यापासून घरून काम किंवा संध्याकाळी लवकर सुटका, आणि बाळंतपणानंतर अमुक दिवस रजा. तुम्ही स्वतः नोकरीत असाल तर १० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते आणि त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जायची फुशारकी कुणाच्या कामाची नाही.

तुमची तारीख रंगपंचमीच्या आठवड्यातली, आणि दवाखाना पलासियाला. इंदूरकरांना सांगायला नको, पण गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या रंगांच्या मिरवणुकीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत राजवाड्याभोवतीचे रस्ते बंद असतात आणि बाकीचं शहर तुंबतं. नवऱ्याला महूनाका, कलेक्टोरेट, नवलखा, गीताभवन असा बाहेरून जाणारा रस्ता एकदा गाडीने पालथा घालायला सांगा. दिवसा तो ऑफिसात असताना गाडी कोण चालवणार हेही ठरवून ठेवा. शेजारच्या घरातल्या कुणाला तरी आधी विचारून ठेवलेलं असावं, त्या क्षणी दार ठोठावायला नको. १०८ हा नंबर सासऱ्यांच्या फोनमध्ये हवा, त्यांनी तो स्वतः लावून बोलायचा आहे हे त्यांना माहीत हवं.

तारखेबद्दल एक. नेमकी त्याच दिवशी होणारी बाळंतपणं शंभरात जेमतेम ४-५. नातेवाइकांना तारीख सांगितलीत की त्या दिवसापासून ‘अजून काही नाही?’ असे फोन सुरू होतात आणि त्याचा भयंकर ताण येतो. सगळ्यांना ‘महिनाअखेरपर्यंत’ एवढंच सांगा. फोन नवऱ्याने घ्यावेत.

रात्रीचं. कुशीवर झोपा, शक्यतो डाव्या. पाठीवर झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. जाग आल्यावर पाठीवर असाल तर घाबरू नका, फक्त कूस बदला. एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटाखाली, एक पाठीमागे. उशाकडची बाजू थोडी उंच ठेवली तर जळजळ कमी होते. रात्रीचं जेवण साडेसातला उरकून घ्या, नवऱ्यासाठी थांबू नका. आपल्याकडे प्रत्येक पदार्थावर शेव पडते, ती या दिवसांत रात्री तरी नको. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पावलाची बोटं स्वतःकडे ओढा. लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि कॅल्शियमची वेगळ्या वेळी. तळहात-तळपायांना रात्री खाज सुटत असेल तर ती साधी समजू नका. यकृताच्या त्रासाचं ते लक्षण असू शकतं, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

बाळाच्या हालचालीबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. ‘शेवटी जागा कमी पडते, म्हणून बाळ कमी हलतं’ असं तुम्हाला दहा बायका सांगतील. ते खरं नाही. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी ढकलल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी व्हायला नको. शंका आली तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडा आणि लक्ष देऊन मोजा. दोन तासांत १० हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात जा. कुणाला उठवायचा संकोच करायचा नाही.

तसंच थांबायचं नाही ते डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक आली, बरगडीखाली दुखलं, चेहरा-हात एकदम सुजले तर. रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला तरी तेच. अंगावरून लाल रक्त गेलं किंवा पाणी गेलं तरी निघायचं, पाणी हिरवट-तपकिरी असेल तर अगदी तातडीने. नुसता चिकट, किंचित लालसर स्राव हा वेगळा. तो कळा जवळ आल्याची खूण असतो, फोन करून विचारा.

कळांचं गणित सोपं आहे. खोट्या कळा अनियमित येतात, पाणी प्यायलं, चाललं, कूस बदलली की विरतात. खऱ्या कळा वाढत जातात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं. पहिलटकरणीला साधारणपणे दर ५ मिनिटांनी, एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघायला सांगतात. तुमचा रस्ता लांबचा आहे, डॉक्टरांना विचारून थोडं आधीच निघा. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत नियमित कळा आल्या तर मात्र हे गणित विसरून लगेच जायचं. लवकर मोकळी व्हावी म्हणून कुणी एरंडेल दिलं तर घेऊ नका. त्याने जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं. तुपाने वाट निसरडी होत नाही, वजन तेवढं वाढतं. ‘डॉक्टरांनी मना केलंय’ एवढं म्हणा आणि विषय सोडा.

भीती वाटते असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, पण मला तीच ओळ सगळ्यात मोठी वाटली. नवऱ्याला ती सांगा, रात्री जेवताना नव्हे, फोन बाजूला ठेवून. प्रसूतीच्या खोलीत सोबत कुणाला घेता येईल ते दवाखान्याला आत्ताच विचारा. आपलं माणूस जवळ असलं की कळा सोसणं सोपं जातं. दिवसचे दिवस रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मनाच्या त्रासासाठीचा टेली मानसचा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

तुमच्या आईला रिकामं ठेवू नका. तिला येता येत नाही याचं दुःख तिला तुमच्याहून जास्त असेल. डिंक, खारीक, अळीव किती आणायचं, लाडवाचं प्रमाण काय, हे तिने फोनवरून तुमच्या सासूबाईंना सांगावं. दोन विहिणी रोज पाच मिनिटं लाडवांवर बोलल्या तरी तुमचं निम्मं ओझं उतरेल. अंगाला लावणारी बाईही सासूबाईंनाच शोधू द्या, त्यांना ओळखीची मिळेल.

त्याच बोलण्यात एक गोष्ट आधीच मिटवून टाका. बाळाला मध चाटवायचा नाही. एक वर्षाच्या आत मधातल्या जंतूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायचं आणि सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी नाही, गुटी नाही. बाळ हातात आल्यावर, टाके दुखत असताना हा वाद घालायची ताकद राहत नाही. सोनं उगाळून मध द्यायची रीत तुमच्या घरी असेल तर ते सोनं बाळाच्या हाताला लावून रीत पाळता येते. आमच्याकडे तसंच केलं आणि कुणी दुखावलं नाही.

फाईल दाराजवळच्या पिशवीत ठेवा. त्यात सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी, आधार, विम्याचं कार्ड. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तुमचा रक्तगट. तो निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर तुम्हाला अँटी-डीचं इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत लागतं. ते दवाखान्यात असतं की बाहेरून आणावं लागतं, हे नवऱ्याला याच आठवड्यात विचारायला सांगा.