बोटीचे पैसे आजच भरा, पत्राची वाट बघू नका

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि रात्री झोप लागली नाही. लेक चौदा वर्षांची, आयएलसीए 4 या एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटीत निवड झालीय, परदेशातल्या स्पर्धेला दोन महिने उरलेत आणि कार्यालयातून तुम्हाला सांगितलंय की मान्यतेचं पत्र आल्याशिवाय भाड्याच्या बोटीचे पैसे भरू नका. 2022 मध्ये आमचं अगदी हेच झालं होतं. तुम्ही ऐरोलीचे, आम्ही नेरूळचे, एवढाच काय तो फरक.

थांबू नका. पैसे आजच भरा. पत्र आलं तर परतावा मागू, नाही आलं तर स्वखर्चाने जाऊ, असं घरात बसून एकदा ठरवून टाका. आम्ही ते ठरवलं नाही.

माझी चूक सांगते. अर्ज मी स्वतः नेऊन दिला. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ठेवा तिथे." मी ठेवला आणि आले. पोच घेतली नाही. अठरा दिवसांनी विचारायला गेले तर आवक रजिस्टरमध्ये नोंदच नाही! पुन्हा अर्ज, पुन्हा तीच जोडपत्रं. मग साहेब दौऱ्यावर, मग सही झाली तर शिक्का राहिला. सात हेलपाटे आणि सात अर्ध्या रजा. एवढ्यात एकानेही विचारलं नाही की मुलीची स्पर्धा कधी आहे. पत्र मिळालं तेव्हा बोट आरक्षित करायची मुदत संपून चार दिवस झाले होते. आयोजकांनी मेहेरबानी म्हणून उरलेली एक बोट दिली.

सगळ्यांच्या बोटी एकसारख्या, हाच या बोटींच्या क्लासचा, म्हणजे प्रकाराचा, जीव. पण जुनी बोट ती जुनीच. शीड आपलं होतं. 'आयएनडी' ही भारताची अक्षरं तिने इथे हॉलमधल्या फरशीवर स्वतः चिकटवली होती, उजव्या बाजूची वर, डाव्या बाजूची खाली, एक सुरकुती पडू न देता. बाकी बोट तिथली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ट्रॉलीवर ओढून घेतली, मागचं बूच काढलं आणि पाणी यायला लागलं. थांबेचना. शीड-डोलकाठी सोडून नुसती बोट 59 किलोची असते. तेवढ्यावर बोटीच्या पोटात हे पाणी घेऊन माझी पोरगी दोन दिवस हायकिंग करत होती, म्हणजे बोट कलू नये म्हणून पाय अडकवून बाहेर लटकत होती, आणि मी आदल्या रात्री तिलाच बोलले होते, की आज पायांत जोर दिसला नाही. ते मला अजून टोचतं.

गुणांचं तुम्हाला माहीतच आहे, पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, कमी गुणांचा पुढे. वाईट शर्यत एकच वगळता येत होती, आमच्या दोन गेल्या. गोल्ड फ्लीट, म्हणजे वरच्या क्रमांकांचा गट, चार गुणांनी हुकला.

म्हणून बोट ताब्यात घ्याल त्याच दिवशी तासभर पाण्यात फिरवा, मग बूच काढून बघा. तक्रार करायची तर सराव शर्यतीच्या आधी. नंतर बदलून मिळणं कठीण.

तुम्ही विचारलंय, यात पुढे काही आहे का. माझं मत, आहे, पण ठाणे-नवी मुंबईत राहून सोपं नाही. नेहा ठाकूरने 2023 च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत याच आयएलसीए 4 मध्ये रौप्य मिळवलं. ती देवासची, म्हणजे समुद्र नाहीच, शिकली भोपाळच्या तलावात. नेत्रा कुमानन 2021 मध्ये ओमानमधून ऑलिंपिकसाठी पात्र ठरली, शिडाच्या बोटींत भारताची पहिली महिला. तिची बोट आयएलसीए 6, शीड मोठं. त्याला वजन लागतं, साठ-सत्तर किलोच्या आसपास. चौदाव्या वर्षी त्यासाठी मुलीला कोंबून खायला घालू नका, दोन वर्षं जाऊ द्या. आणि पावसाळ्यात आपल्या बंदरात बोटी बंद असतात तेव्हा हैदराबादच्या हुसेनसागरला पाठवा. तिथला वारा सारखा फिरतो, डोकं चालवायला शिकवतो.

शाळेच्या रजेचं मात्र लेखीच घ्या. तोंडी "हो" म्हणणाऱ्या बाई पुढच्या वर्षी बदलून जातात.

हे सगळं आमच्या एका वर्षावरून सांगतेय. नियम बदलले असतील, परताव्याच्या अटीही. स्पर्धेची नोटीस ऑफ रेस, म्हणजे आयोजकांचं नियमांचं पत्रक, स्वतः शेवटपर्यंत वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. पण पुढच्या वेळी त्या खिडकीवर जाल तेव्हा दुसरी प्रत पुढे करा आणि आवक क्रमांक, तारीख, शिक्का पडेपर्यंत हलू नका. मागच्या रांगेतले चिडले तरी चालेल.

लेकीचे जुने हायकिंग बूट घरी पडून आहेत, 38 नंबरचे, तळवे चांगले आहेत. लागत असतील तर सांगा, शनिवारी नेरूळ स्टेशनवर आणून देते.